प्रो. केरूनाना छत्रे

आज ज्यांच्याविषयीं मी आपल्याशीं बोलणार आहें, त्यांना प्रत्यक्ष पाहिलेला मनुष्य आतां या जगांत उरलेला नाहीं. १९ मार्च १८८४ रोजीं ते कैलासवासी झाले. माझ्या आजोबांनीं त्यांचें नांव तरी ऐकलें होतें कीं नाहीं, हें मला सांगतां यावयाचें नाहीं. असें असूनही मी त्यांना माझे गुरु म्हणतों. त्यांचें नांव केरो लक्ष्मण छत्रे. पण लोकांच्या तोंडीं केरूनाना हेंच नांव बसलेलें होतें. पुण्याच्या कॉलेजांत त्यांनीं गणित आणि सृष्टिशास्त्र हे विषय कित्येक वर्षें शिकविले. आपण आज ज्याला पदार्थविज्ञान किंवा भौतिकशास्त्र म्हणतों, त्याचाच समावेश त्या काळच्या या सृष्टिशास्त्रांत होत असे.

मी स्वतः कॉलेजची पायरी चढलेला नाहीं. मॅट्रिक झालों, शिक्षकाचा अभ्यासक्रम पुरा केला, आणि यवतमाळ जिल्ह्यांतल्या खेड्यापाड्यांच्या शाळांत उभा जन्म घालविला. तेव्हां प्रोफेसराची थोरवी सांगण्याचा तुमचा अधिकार कोणता, असें कोणी विचारील, तर त्याला माझें उत्तर एवढेंच कीं, सावकार किती मोठा आहे हें ऋणकोला जितकें ठाऊक असतें तितकें इतरांना नसतें. माझ्यावरील तें ऋण कोणतें, हें मी ओघानें सांगेनच. आधीं त्यांचें चरित्र थोडक्यांत निवेदन करतों.

केरूनानांचा जन्म १६ मे १८२४ रोजीं अलिबागेजवळच्या नागांव या गांवीं झाला. त्या वेळीं मराठी राज्य बुडून उणींपुरीं सहा वर्षें झालीं होतीं. लहानपणींच ते विद्येसाठीं मुंबईस आले आणि एल्फिन्स्टन संस्थेंत शिकले. तेथें त्यांना दोन गुरु लाभले. एक ‘दर्पण’कार बाळशास्त्री जांभेकर आणि दुसरे ऑर्लेबार साहेब. दोघांचीही गणितांत व सृष्टिशास्त्रांत चांगली गति होती. ऑर्लेबार साहेबांकडे पुढें कुलाब्याच्या वेधशाळेचा कारभार आला, आणि १८४० च्या सुमारास, अवघ्या सोळा वर्षांच्या वयांत, केरूनाना त्या वेधशाळेंत साहाय्यक म्हणून नोकरीस लागले.

ही वेधशाळा ईस्ट इंडिया कंपनीनें १८२६ मध्यें उभारलेली होती. १८४१ पासून तेथें लोहचुंबकाच्या सूचीचे आणि हवेचे वेध नियमानें घेण्यास आरंभ झाला. असे वेध घेण्याचें काम कसें असतें याची कल्पना करून पाहावी. ठराविक वेळ झाली कीं उठावयाचें, दिव्याच्या उजेडांत सूची किती ढळली तें पाहावयाचें, वायुभारमापकांतील पारा किती चढला-उतरला तें वाचावयाचें, आणि दिसलें तेवढेंच वहींत लिहावयाचें. काल अमुक आंकडा होता म्हणून आजही तोच असावा, असें मनांत आणणें हा तेथें अपराध होय. आपल्यासारख्या उष्ण प्रदेशांत हवेचा भार दिवसांतून दोनदां चढतो आणि दोनदां उतरतो. सकाळीं दहाच्या सुमारास एक चढ आणि रात्रीं दहाच्या सुमारास दुसरा. हा चढउतार इतका सूक्ष्म असतो कीं, कंटाळलेल्या डोळ्यांना तो दिसावयाचाच नाहीं. केरूनानांनीं या कामांत आपल्या तारुण्याचीं दहा-अकरा वर्षें काढलीं. पुढें ते जे झाले त्याचें मूळ, माझ्या समजुतीप्रमाणें, या वहींत आहे.

येथें एक योगायोग सांगण्याजोगा आहे. पुढें मुंबईंत विजेच्या ट्रामगाड्या येणार असें ठरल्यावर, विजेच्या प्रवाहानें लोहचुंबकाची सूची बिघडणार हें उघड झालें. म्हणून ती चुंबकीय वेधशाळा मुंबईंतून हलवावी लागली, आणि १९०४ पासून ती अलिबागेस काम करूं लागली. म्हणजे नागांवचा मुलगा ज्या सूचीकडे पाहण्यासाठीं खाडी ओलांडून मुंबईस गेला, ती सूचीच अखेर त्याच्या गांवापासून कांहीं मैलांवर येऊन राहिली. तें पाहण्यास मात्र केरूनाना तेव्हां उरले नव्हते.

१८५१ मध्यें ते पुण्यास आले. त्या वेळीं पुण्याचें कॉलेज विश्रामबागवाड्यांत भरत असे. त्यांच्याकडे प्रथम आलें तें काम माझ्या दृष्टीनें सर्वांत महत्त्वाचें आहे. मराठी शाळांवर जाणारे शिक्षक तयार करण्याचा जो वर्ग होता, त्यांत त्यांनीं गणित व सृष्टिशास्त्र मराठींतून शिकविलें. शाळांसाठीं त्यांनीं अंकगणिताचीं आणि पदार्थविज्ञानाचीं पुस्तकेंही मराठींत लिहिलीं. ज्या काळीं या शास्त्रांतील साध्या साध्या कल्पनांना मराठींत शब्द रूढ झालेले नव्हते, त्या काळची ही गोष्ट आहे. पुढें त्यांनीं इंजिनियरिंग शिकणाऱ्या विद्यार्थ्यांनाही शिकविलें, आणि अखेर कॉलेजांत गणित व सृष्टिशास्त्र यांचे प्रोफेसर म्हणून ते नांवाजले गेले. या कॉलेजाला १८६४ मध्यें डेक्कन कॉलेज हें नांव मिळालें आणि १८६८ मध्यें तें येरवड्याच्या बाजूला नव्या इमारतींत गेलें. केरूनानांना १८७७ मध्यें रावबहादूर ही पदवी मिळाली, आणि १८७९ मध्यें ते सेवानिवृत्त झाले.

आतां गंमत अशी कीं, या प्रोफेसरांजवळ विश्वविद्यालयाची पदवी नव्हती. असणार कोठून? मुंबई विश्वविद्यालय निघालें तेंच मुळीं १८५७ मध्यें, आणि तेव्हां केरूनाना तेहतीस वर्षांचे होते. स्वतः बी. ए. नसलेला हा मनुष्य बी. ए. च्या मुलांना शिकवीत होता. १८७६ मध्यें डेक्कन कॉलेजांतून गणित घेऊन पहिल्या वर्गांत बी. ए. झालेले बाळ गंगाधर टिळक हे त्यांचेच विद्यार्थी. ज्या टिळकांना आमच्या वणीचे लोकनायक बापूजी अणे यांनीं आपले पुढारी मानलें, आणि ज्यांचें चरित्र त्यांनीं उतारवयांत संस्कृत काव्यांत गाइलें, त्या टिळकांना गणिताची गोडी लावणाऱ्यांत हे केरूनाना अग्रगण्य होते. तेव्हां आम्हां यवतमाळकरांना ते अगदींच परके नाहींत.

असो. आतां माझ्या ऋणाची गोष्ट सांगतों.

माझ्या नोकरीच्या आरंभींचा काळ. दारव्ह्याकडील एका लहानशा गांवीं मी शिक्षक होतों. पौषाचे दिवस होते आणि शाळा सकाळची होती. मीं फळ्यावर लिहिलें, ‘सूर्य पूर्वेस उगवतो,’ आणि मुलांकडून तें वाक्य घोकून घेऊं लागलों. मागच्या रांगेंत एका सालदाराचा मुलगा बसत असे. पहाटे गुरें सोडून मग तो शाळेंत येई. तो उभा राहिला आणि आपल्या वऱ्हाडी बोलींत म्हणाला, “गुरुजी, सूर्य तं आता त्या पयसाच्या झाडापाशी निंगते. उन्हायात थो मारोतीच्या देवयाकडून निंगे.” पळसाचें झाड आणि मारुतीचें देऊळ यांमध्यें पूर्वेची बरीच मोठी कड पसरलेली होती. मीं खिडकींतून बाहेर पाहावयास हवें होतें. मीं पाहिलें नाहीं. “पुस्तकांत काय छापलें आहे?” असें मीं त्याला दरडावून विचारलें, आणि तेंच वाक्य वीस वेळां लिहावयास लाविलें. वर्ग हसला. तो खालीं मान घालून लिहीत बसला. त्यानंतर सबंध वर्षांत त्यानें मला एकही प्रश्न विचारला नाहीं.

मला त्या वेळीं त्यांत कांहींच वावगें वाटलें नाहीं. शिस्त राखली, असेंच वाटलें. पदार्थविज्ञानाचीं जीं थोडीं उपकरणें शाळेला मिळालीं होतीं, तीं मुलें फोडतील या भीतीनें मींच कपाटांत कुलूप लावून ठेविलीं होतीं. वर्षाकाठीं एकदां तीं मोजून यादीवर सही करावयाची, एवढाच माझा त्यांच्याशीं संबंध.

पुढें पुष्कळ वर्षांनीं एका वाचनालयांत शंकर बाळकृष्ण दीक्षित यांचा ‘भारतीय ज्योतिषशास्त्र’ हा ग्रंथ माझ्या हातीं लागला. तो १८९६ मध्यें प्रसिद्ध झालेला आहे. दीक्षित हे मॅट्रिक झालेले आणि जन्मभर शाळाखात्यांत राबलेले शिक्षक होते, हें कळल्यावर मी तो ग्रंथ अधिक प्रेमानें वाचूं लागलों. त्यांतच मला केरूनाना भेटले. आकाशांत जें दिसतें तें आणि पोथींत जें लिहिलेलें असतें तें, या दोहोंत मेळ नसेल तर पोथी सुधारली पाहिजे, हा केरूनानांचा बाणा वाचला, आणि मला एकदम तो पळस व तें मारुतीचें देऊळ आठवलें.

दुसऱ्या दिवशीं मीं शाळेच्या अंगणांत एक सरळ काठी उभी केली. जुन्या ज्योतिष्यांचा जो शंकु, तोच हा. बारा अंगुळें उंचीचा. त्याच्या दुपारच्या सावलीचें टोक आम्ही दर आठवड्यास खडूनें मांडूं लागलों. वर्ष पुरें झालें तेव्हां मुलांपुढें सारा हिशेब उभा राहिला. २२ डिसेंबरच्या सुमारास दुपारची सावली साडेअकरा अंगुळें, म्हणजे जवळजवळ काठीइतकी लांब. मार्चमध्यें दिवस-रात्र सारखीं असतात तेव्हां सुमारें साडेचार अंगुळें. हीच आमच्या बाजूची पलभा. आणि मेच्या २२ तारखेच्या आसपास भर दुपारीं सावली काठीच्या पायाखालीं गडप! जुलैच्या २१ तारखेच्या सुमारास ती पुन्हां एकदां नाहींशी होते. पण त्या वेळीं बहुधा आभाळ भरलेलें असतें. सूर्योदयाचें म्हणाल, तर ठीक पूर्वेस सूर्य वर्षांतून दोनच दिवस उगवतो. डिसेंबरांत तो आमच्याकडे पूर्वेच्या दक्षिणेस सुमारें पंचवीस अंश सरकलेला असतो, आणि जूनमध्यें तितकाच उत्तरेस. पळस आणि देऊळ यांमधील अंतर तें हेंच. सालदाराचें पोर खरें बोललें होतें, आणि वीस वेळां लिहावयाचें तें मींच लिहावयास हवें होतें.

त्या काठीनेंच दुसरा एक प्रश्न काढला. एका मुलीनें विचारलें कीं, सावली तर २२ डिसेंबरनंतरच आंखडूं लागते, म्हणजे सूर्य तेव्हांच उत्तरेकडे वळला. मग आपण तिळगूळ १४ जानेवारीला कां वांटतों? श्रोतेहो, केरूनानांच्या उत्तर आयुष्यांतील मोठा उद्योग याच प्रश्नाच्या पोटीं आहे.

आपल्याकडे त्या काळीं बहुतेक पंचांगें ‘ग्रहलाघव’ या ग्रंथावरून होत. तो गणेश दैवज्ञांनीं १५२० मध्यें रचला. हे गणेश दैवज्ञही कोंकणच्याच किनाऱ्यावरील नांदगांवचे. त्यांनीं स्वतः वेध घेऊन जुन्या ग्रंथांतील चुका दुरुस्त केल्या होत्या. पण कोणतेंही घड्याळ कितीही चांगलें लाविलें तरी तीन-साडेतीनशें वर्षांत तें कांहींसें मागेंपुढें व्हावयाचेंच. ग्रहलाघवावरून काढलेले ग्रह आणि आकाशांतले ग्रह यांत अंतर पडूं लागलें. तेव्हां केरूनानांनीं पाश्चात्य ज्योतिष्यांच्या सूक्ष्म गणिताचा आधार घेऊन मराठींत ‘ग्रहसाधनाचीं कोष्टकें’ हा ग्रंथ १८६० मध्यें प्रसिद्ध केला. इंग्रजी न जाणणाऱ्या जोश्यालाही बेरीज-वजाबाकीच्या जोरावर ग्रहांचें खरें स्थान काढतां यावें, हा त्यांतील हेतु होता. या गणितावरून १८६५ पासून एक नवें पंचांग निघूं लागलें. आबासाहेब पटवर्धन यांनीं त्या कामीं साह्य केलें, म्हणून पुढें त्याला पटवर्धनी पंचांग म्हणूं लागले.

आतां संक्रांतीचें. दिवस-रात्र ज्या बिंदूपाशीं समान होतात तो संपातबिंदु ताऱ्यांमध्यें स्थिर नाहीं. तो दरसाल सुमारें पन्नास विकला मागें सरतो, म्हणजे बहात्तर वर्षांत एक अंश. म्हणून राशि मोजण्याचा आरंभ कोठून धरावा, हा वाद उत्पन्न होतो. जुन्या ग्रंथांत रेवती नक्षत्राचा योगतारा हा मेषारंभाजवळ सांगितलेला आहे. केरूनानांनीं तो तारा धरला. तो फार मंद आहे. अंधाऱ्या रात्रीं नजर लावून पाहावा तेव्हां कोठें दिसतो. परंतु सूर्याच्या मार्गाच्या तो अगदीं निकट आहे, आणि संपातबिंदु त्याच्याजवळ सहाव्या शतकाच्या उत्तरार्धांत होता. हा तारा धरला म्हणजे संक्रांति चार दिवस आधीं येते. टिळक पंचांगानें हाच पक्ष पुढें चालविला, म्हणून त्यांत मकरसंक्रांत १० जानेवारीस असते, आणि अधिक महिनाही कधीं कधीं इतर पंचांगांहून निराळा येतो.

हें लोकांनीं आनंदानें स्वीकारलें असेल, असें आपण समजूं नये. पंचांग म्हणजे नुसता आंकड्यांचा खेळ नव्हे. एकादशी, श्राद्धतिथि, लग्नाचा मुहूर्त, सारें त्यावर अवलंबून. वडिलांचें श्राद्ध चुकीच्या तिथीस घडेल कीं काय, ही धास्ती खरी असते आणि तिची थट्टा करूं नये. केरूनानांच्या पंचांगाचा प्रसार त्यांच्या हयातींत बेताचाच झाला. तरीही त्यांनीं दरवर्षीं तें गणित करण्याचा क्रम सोडला नाहीं. दिसलें तेवढेंच लिहावयाचें, ही कुलाब्याची संवय त्यांना होती. तें किती जणांनीं वाचलें, हें वहीच्या कोणत्याच रकान्यांत मांडावयाचें नसतें.

त्यांच्या पश्चात् काय झालें, तेंही प्रामाणिकपणें सांगितलें पाहिजे. संपाताच्या याच सरकण्याचा उपयोग करून टिळकांनीं १८९३ मध्यें ‘ओरायन’ हा ग्रंथ लिहिला व वेदांचा काळ ठरविण्याचा प्रयत्न केला. पुढें स्वतंत्र भारताच्या सरकारनें १९५२ मध्यें पंचांगशुद्धीसाठीं समिति नेमली. तिचे अध्यक्ष मेघनाद साहा हेही पदार्थविज्ञानाचेच प्रोफेसर. त्या समितीनें सणांच्या पंचांगासाठीं केरूनानांची रेवती घेतली नाहीं. चित्रा ताऱ्यास अनुसरणारें मान पसंत केलें. म्हणजे ताऱ्याच्या निवडीपुरता केरूनानांचा पक्ष मागें पडला. परंतु गणित आकाशाशीं जुळलेंच पाहिजे, ही जी त्यांची मूळ मागणी, ती समितीनें पूर्णपणें मान्य केली; आणि २२ मार्च १९५७ पासून जें राष्ट्रीय पंचांग सुरू झालें, त्याचा चैत्र संपाताला धरूनच आरंभतो. आज साध्या पंचांगांतलें ग्रहणही आकाशांत वेळेवर लागतें. तें पाहतांना केरूनानांची आठवण कोणास होत नाहीं. पण ज्याचें काम सर्वांच्या अंगवळणीं पडलें, त्याचें नांव मागें राहावयाचेंच.

१६ मे २०२४ रोजीं केरूनानांच्या जन्मास दोनशें वर्षें पूर्ण झालीं. मी तेव्हां सेवानिवृत्त झालेलों होतों. त्या दिवसांत कोंकणांत सावली नाहींशी होते आणि त्यानंतर आठवडाभरानें आमच्याकडे. मनांत आलें, आतां तरी जुनें देणें फेडावें. मी त्या जुन्या गांवीं गेलों. तो मुलगा आतां पन्नाशीकडे झुकलेला शेतकरी आहे. थोडी जमीन स्वतःची, थोडी मक्त्यानें केलेली. कपाशीचें रान नांगरून पावसाची वाट पाहत होता. बांधावर बसून मीं त्याला सारी हकीकत सांगितली, आणि म्हटलें, “तेव्हां तुझें बरोबर होतें, मी चुकलों होतों.” त्याला तें आठवत होतें. तो हसला आणि म्हणाला, “जाऊ द्या ना, गुरुजी. थे वाक्य पाठ झालं, म्हणून तं मी पास झालो.”

त्यानें तें माझें मन राखण्यासाठीं म्हटलें असेल. परंतु तेव्हांपासून तें वाक्य माझ्या मनांतून जात नाहीं. ज्यानें स्वतःच्या डोळ्यांनीं खरें पाहिलें होतें, त्याला मीं तें विसरावयास लावून उत्तीर्ण केलें. केरूनानांनीं याच्या उलट केलें. पदवी नसतां ते शिकले, कारण त्यांच्यापुढें एक सूची होती आणि ती काय सांगते तें लिहिण्याची त्यांना मोकळीक होती.

जे शिक्षक हें भाषण ऐकत असतील, त्यांना माझी हात जोडून एवढीच विनंति आहे. कपाटाचें कुलूप काढा. एखादी नळी फुटली तर फुटूं द्या. आणि मागच्या रांगेंतला मुलगा पुस्तकाविरुद्ध कांहीं बोलला, तर त्याला उत्तर देण्यापूर्वीं एकवार खिडकींतून बाहेर पाहा. प्रोफेसर केरूनाना छत्रे यांचें याहून निराळें स्मारक मला सुचत नाहीं.